पासष्ट टक्के धरणाच्या भिंतीवर लिहिलेले नसतात

नाशिकच्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: नीतीसाठी धर्म नको, भावना नको, तत्त्वज्ञान तर नकोच. तथ्यं समोर ठेवली की कर्तव्य आपोआप ठरतं, जसा डॉक्टर रिपोर्ट बघून औषध ठरवतो. उत्क्रांतीने सहकार्य शिकवलं, म्हणून सहकार्य करावं. शब्द दिला ही घटना, म्हणून तो पाळावा. आणि तथ्यांबाहेर जे उरतं ते ज्याचं त्याचं मत.

बुवाबाजीचा राग आला की माणूस इथवर येतो, ते समजतं. पण यातला एकही दाखला टिकत नाही.

डॉक्टरचं आधी. रिपोर्ट फक्त साखर किती ते सांगतो. औषध घ्यावं हे ठरतं, कारण रोग्याला जगायचंय हे सगळ्यांनी न बोलता धरलेलं असतं. दवाखान्यात त्यावर वाद नसतो, म्हणून ते दिसत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० मध्येच यावर बोट ठेवलं होतं: लोक ‘आहे’, ‘नाही’ असं बोलत असतात आणि मध्येच ‘असावं’, ‘नसावं’ सुरू करतात, एकावरून दुसऱ्यावर कसे आले ते सांगत नाहीत.

वाद असतो तिथे ही उडी उघडी पडते. पाऊस कमी झालेल्या वर्षी ऑक्टोबरात नाशिककडच्या गंगापूर-दारणा धरणांतून खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं का? कुठल्या धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, बाष्पीभवन किती, नदीत किती मुरतं, सगळं मोजता येतं. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं आणि २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरवलं, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. ६५ हा आकडा म्हणून तथ्यासारखा दिसतो. पण टंचाई वरच्या-खालच्यांनी वाटून घ्यावी हे आधी मान्य केलं, तरच असा आकडा निघतो. ‘पाऊस आमच्याकडे पडला, पहिला हक्क आमचा’ म्हणणारा माणूस त्याच नोंदी घेऊन बसला तर त्याचा आकडा वेगळा येईल, आणि त्याची बेरीज कुठेही चुकलेली नसेल.

तथ्यं बिनकामाची आहेत असं नाही. ‘सोडलेलं पाणी पैठणला पोचतच नाही’ हा दावा मोजणीने खोटा ठरू शकतो, आणि ठरला तर त्यावर उभा असलेला सगळा युक्तिवाद खाली बसतो. पाडायचं काम तथ्यं उत्तम करतात.

उत्क्रांतीचं थोडक्यात. तिने सहकार्य दिलं तसा परक्याबद्दलचा संशयही दिला. दोन्ही नैसर्गिक, यातलं जपायचं काय, हे ती सांगत नाही. रूढीचंही तेच. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊकच होतं. एकाच वस्तुस्थितीवरून एक बाजू म्हणाली हे चालू राहावं, दुसरी म्हणाली हे थांबावं.

शब्दाचा दाखला मात्र खरोखर वजनदार आहे. जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६४ मध्ये तो नीट मांडला: ‘देईन असं वचन देतो’ हे उच्चारणं ही घटना, आणि त्यातूनच बंधन येतं. बागेत भाव ठरवून माल उचलल्यावर पैसे बुडवणाऱ्या द्राक्ष व्यापाऱ्याला आपण हेच ऐकवतो. पण आता सुपारी फुटताना कबूल केलेला हुंडा घ्या. तिथेही चारचौघांत शब्द दिलेला असतो. रिवाजाच्या आतून पाहिलं तर बंधन येतंच. तो रिवाज मुळात मानावा का, हा प्रश्न शब्द दिल्याच्या घटनेने सुटत नाही.

मग उरलं ते ज्याचं त्याचं मत? छे. मूल्यांवरही वाद घालता येतो, आणि माणूस त्यात हरूही शकतो. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेत असलेला माणूस म्हणतो, आवर्तन (पाण्याची पाळी) टेलकडून सुरू करा, नाहीतर हेडवालेच, म्हणजे सुरुवातीचेच, सगळं पिऊन टाकतात. रास्त आहे. तोच जायकवाडीच्या बाबतीत ‘वरच्यांचा हक्क आधी’ म्हणू लागला, तर कालवा आणि नदी यांत त्याने फरक दाखवायला हवा. कदाचित असा फरक असेलही. पण तो दाखवायची जबाबदारी त्याची, आणि नुसत्या टीएमसीच्या आकड्यांनी ती पार पडत नाही.