दाणे झडण्याआधी गवत भुईसपाट करू नका

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की गोरेगाव, बोरिवली, मुलुंडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘थंडीआधी आवारातलं आणि मागच्या मोकळ्या जागेतलं सगळं गवत जमिनीसरशी कापा. साप येत नाहीत, डास मरतात, आग लागत नाही, पुढच्या वर्षी गवत दाट येतं.’ दुसऱ्याच दिवशी कापणीवाले येतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी शेवटचा दावा, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. थंडीआधीची आखूड कापणी ही बर्फाळ देशांतली पद्धत. तिथे लांब गवत बर्फाखाली दबून त्याला बुरशी लागते. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधलं. आपलं गवत थंडीने मरत नाही, ओल संपली की सुकतं. मोकळ्या जागांवरची बरीच गवतं एकाच पावसाळ्याची असतात. पावसाळा सरताना ती दाणा धरतात आणि मरतात. दाणा पडण्याआधीच कापलं तर जूनमध्ये उगवायचं काय? अशा उघड्या मातीत गाजरगवत घुसतं. शिवाय त्याच दाण्यांवर मुनियांचे थवे जगतात. गप्पीदास हा हिवाळी पाहुणा पक्षी उभ्या काड्यांवर बसून किडे टिपतो. कित्येक तपकिरी फुलपाखरांच्या अळ्या गवताचीच पाती खातात. ऑक्टोबरची सरसकट कापणी या सगळ्यांच्या तोंडचा घास काढून घेते.

साप गवत खायला येत नाही, उंदरामागे येतो; आणि उंदीर येतात उघड्या कचऱ्यामुळे. तरी एक मान्य: पायवाट, मुलांच्या खेळण्याची जागा आणि इमारतीलगतची पट्टी आखूडच हवी. पाय कुठे पडतोय ते दिसलं पाहिजे. पण कापलेल्या गवताचा ढीग भिंतीला टेकवून ठेवणं जास्त धोक्याचं, कारण सुक्या पाल्यात पडलेली घोणस डोळ्यांना दिसत नाही.

डास गवतात विसावतात, पण अंडी घालतात पाण्यात. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीत, पिंपात, टायरमध्ये वाढतो. आठवड्यातून एकदा ते पाणी ओता.

आगीची भीती मात्र खरी आहे. आरेत, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला उन्हाळ्याकडे गवत पेटतं, आणि बहुतेक वेळा माणसाच्याच हातून: फेकलेली विडी, जाळलेला कचरा. त्यावर वनखात्याचा उपाय जाळरेषेचा. आग ओलांडू नये म्हणून ते पट्टा मोकळा करतात, अख्खं रान कापत नाहीत. सोसायटीनेही कुंपणालगत तेवढंच करावं. कापून तिथेच टाकलेलं गवत मार्चपर्यंत कडकडीत वाळतं आणि ठिणगीची वाट बघतं, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

उरलेलं गवत दाणे झडल्यावर, डिसेंबरात, टप्प्याटप्प्याने कापा आणि एखादा कोपरा, भिंतीपासून लांबचा, पुढच्या पावसापर्यंत उभा ठेवा. कापलेलं जवळच्या तबेल्याला विचारून द्या. तणनाशक मारलेलं असेल तर मात्र जनावरांपुढे टाकू नका.