पैशे देवन माती

टायगरने माती खाल्ली. अंगणातली नव्हे, पाच किलोच्या पिशवीतली. बायकोने कुंडीतल्या अबोलीसाठी ऑनलाइन मागवलेली.

डॉक्टरांना फोन लावला. ‘‘पिशवीवर काय लिहिलंय ते वाचा,’’ ते म्हणाले. तेवढ्यात गडग्यापलीकडे तात्या उगवले.

‘‘काय झाला रे?’’

‘‘टायगरने माती खाल्ली.’’

‘‘मगे? कुत्रो माती खाताच.’’

‘‘विकतची होती, तात्या.’’

तात्यांच्या हातातला पातेरा खाली पडला. ‘‘पैशे देवन माती हाडलंस?’’

इकडे डॉक्टर विचारतायत, एरंडीची पेंड आहे का बघा, ती विषारी. लक्षणं कधीकधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. तिकडे तात्या विचारतायत, ‘‘कितक्याक?’’

‘‘२९९.’’

‘‘गेऽऽ, आयकलंस?’’ आता अख्ख्या आवाठाला दर कळला. ‘‘आणि आसा काय त्यात?’’

‘‘कोकोपीट. नारळाच्या सोडणाचा भुसा.’’

तात्या गडग्यावर बसलेच. त्यांच्या न्हाणीच्या चुलीत रोज सोडणंच जळतात. काही वेळ ते मनातल्या मनात जळलेल्या सोडणांचा हिशेब करत असावेत. मग कुत्र्याची आठवण झाली. ‘‘मिठाचा पाणी पाज. ओकतलो.’’

फोनमधून डॉक्टर ओरडले, ‘‘मीठ अजिबात नको! मिठानेच जायचा तो!’’

आता पिशवीचं सांगतो. पुढे कोबीएवढा गुलाब आणि ‘१००% सेंद्रिय’. सेंद्रिय तर एरंडीची पेंडही असते! मागे मुंगीच्या अक्षरात कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, बोनमील, इ. बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, त्याच्या वासाला कुत्रा भुलणारच. पण ‘इ.’ काय? पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर चिमूटभर सोड्यापर्यंत सगळं छापतात, आणि जनावर मरेल की जगेल हे ज्यावर ठरायचं ते इथे ‘इ.’मध्ये कोंबलेलं. कंपनीला फोन केला तर बाई म्हणाली, ‘‘सर, प्रॉडक्ट खाण्यासाठी नाही.’’ टायगरला फोन द्यायला हवा होता.

डॉक्टरांनी बजावलं: कोकोपीट पाण्याने फुगतं, आतडं तुंबू शकतं. उलट्या, फुगलेलं पोट, मरगळ, शी बंद, यातलं काहीही दिसलं तर पिशवीसकट ताबडतोब या. तालुक्याला. वाटेतल्या खड्ड्यांतून जाताना न तुंबलेलं आतडंही तुंबेल, पण ते असो.

म्हणून रात्रभर जागून, सकाळी काठी घेऊन मी माडांखाली टायगरच्या मागे. शेवटी झाली. काळी, भुसभुशीत, भरपूर. मी वाकून पाहतोय, तर गडग्यावरून आवाज आला:

‘‘पडली मां? उचल आणि घाल कुंडयेत. पैशे दिलंस!’’