नासक्या मालाच्या मालकांस चार शब्द

नासके दूध, आंबलेला खवा किंवा बुरशी धरू लागलेले पनीर खपवण्याचा आपला मनोदय असेल, तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या धास्तीने झोप उडवून घेऊ नये, एवढेच माझे नम्र सांगणे आहे.

अधिकारी आलेच, तर त्यांना अदबीने खुर्ची द्यावी. ते घेतील त्या नमुन्याची किंमत ते नेहमीच्या विक्रीदराने मोजतात; अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मध्ये तशी तरतूदच आहे. म्हणजे त्या दिवशी आपल्याला न चाखता, न कुरकुरता पैसे देणारे एक गिऱ्हाईक हमखास लाभते. मग नमुन्याचे चार भाग होतात, बाटल्यांना मोहोर लागते आणि रासायनिक तपासणीपर्यंत दूध टिकावे म्हणून त्यात फॉर्मॅलिनचे थेंब सोडले जातात. हा सोहळा डोळे भरून पाहावा, कारण आपण कॅनमध्ये चोरून ओतले असता गुन्हा ठरणारे द्रव्य येथे साक्षीदारासमक्ष, नियमाबरहुकूम ओतले जात असते.

अहवालासाठी अन्न विश्लेषकाला 14 दिवस दिलेले आहेत. उन्हाळ्यात उघड्यावरच्या दुधाला 14 तासही मिळत नाहीत. अहवाल विरुद्ध गेलाच, तर अपिलाला आणखी 30 दिवस आहेत. मधल्या काळात जप्तीतून सुटलेला माल कोणाच्या चहात, कोणाच्या लेकराच्या बाटलीत गेला, याची विचारपूस करण्यास कोणी येत नाही.

मात्र विशेषणाच्या बाबतीत गाफील राहू नये. ‘असुरक्षित’ हा शेरा फार वाईट. त्यात तुरुंग आहे आणि खाणारा दगावला तर किमान 7 वर्षांचा. त्याऐवजी ‘कमी दर्जाचे’ हा शेरा पदरात पडेल असे पाहावे, कारण तेथे कमाल 5 लाख रुपये दंडावर भागते. सबब युरिया, डिटर्जंट असले आततायी प्रयोग टाळून पाण्याची जुनी, सभ्य परंपरा चालवावी. (पाणी कोठल्या विहिरीचे, हा प्रश्न वेगळा, तो लॅक्टोमीटरला पडत नाही.)

दिवाळीच्या तोंडावर धाडी पडतात, त्यामुळे तेवढे दिवस गोदाम धुऊन ठेवावे आणि नाल्यात ओतल्या जाणाऱ्या दुधाच्या छायाचित्रात आपल्या दुकानाची पाटी येऊ देऊ नये.

प्रकरण पुढे न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर तारखा घेत राहील. तोवर आपण विकलेल्या दुधापैकी न नासलेले असे कपाटातल्या त्या मोहोरबंद बाटल्यांतलेच काय ते उरलेले असेल.