वण घालवण्याचा खात्रीशीर मार्ग

टाके निघाले, खपली पडली आणि गुडघ्यावर गुलाबी, जराशी फुगलेली रेघ उरली? घाबरू नका. तडक कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जा आणि 'डाग जायचं काहीतरी द्या' म्हणा. जखम कशाची, किती जुनी, वण सपाट की वर आलेला, हे तो विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका. उगाच निदान झालं तर पंचाईत.

पहिला मान कांद्याच्या अर्काच्या जेलचा. घरचा कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणतो, ट्यूबमधला बिल हातात पडल्यावर.

मात्र सुरुवात लगेच करा, यात हयगय नको. वण पक्का व्हायला साधारण वर्षभर लागतं, कधी दीड वर्षही. तेवढ्यात शरीर घाईगर्दीत घातलेलं कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, मोडून पुन्हा रचून घेतं, जादा रक्तवाहिन्या आटतात, लाली उतरते. आणि हे सगळं फुकट. तुम्ही उशीर केलात तर वण आपला आपणच फिका पडेल आणि श्रेय घ्यायला ट्यूब जागेवर नसेल. 'आधी'चा फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढा, 'नंतर'चा सकाळी खिडकीपाशी.

एक पथ्य मात्र कडक पाळा. अर्ध्या वणाला औषध आणि अर्ध्याला साधं मलम, असला आगाऊपणा करायचा नाही. अमेरिकेत काही त्वचारोगतज्ज्ञांनी तो केला. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्याशा चाचणीत 15 रुग्णांच्या ताज्या वणांचे दोन भाग पाडले. एकावर नुसतं मलम, दुसऱ्यावर त्याच मलमात व्हिटॅमिन ई. दहापैकी नऊ वेळा व्हिटॅमिनने एकतर काही केलं नाही, नाहीतर वण आणखी बिघडवला. वर एक तृतीयांश लोकांना त्याचीच ॲलर्जी उठली. कांद्याच्या जेललाही काही चाचण्यांत असंच साध्या पेट्रोलियम जेलीशेजारी बसवलं, तर दोघांत फरक दिसेना. तेव्हा व्हिटॅमिन ईची कॅप्सूल टाचणीने फोडून चोळणं चालूच ठेवा. फक्त तुलना करू नका.

सिलिकॉनच्या पट्टीचं नाव कुणी काढलं तर विषय बदला. फुगलेल्या वणांसाठी डॉक्टर आधी तिचंच नाव घेतात हे खरं, पण तिच्याही चाचण्या फारशा भक्कम नाहीत. शिवाय ती रोज बारा-बारा तास आणि महिनोन्‌महिने चिकटवून ठेवायची. एवढा धीर असता तर आपण मेडिकलमध्ये कशाला गेलो असतो?

घरगुती हवं असेल तर लिंबू चोळून उन्हात बसा. एका डागाचे चार होतात.

तरीही समाधान होईना, तर शेजारच्या काकूंची 'गोरं करणारी' ट्यूब मागून आणा. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण काकूंच्या कपाटाला ती लागू नाही. कातडी पातळ होईल, नको तिथे लव येईल. वणाकडे मग लक्ष कुणाचं जातंय!

आणि छातीवर, खांद्यावर किंवा कान टोचल्याजागी गाठ जखमेची हद्द ओलांडून वाढायला लागली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे मुळीच फिरकू नका. तो तिला केलॉइड म्हणेल, थेट गाठीत इंजेक्शन देईल, नुसती कापली तर पुन्हा उगवते असंही सांगेल. त्यापेक्षा मेडिकलवाल्यालाच विचारा, वर्षभराच्या ट्यूबा एकदम घेतल्या तर एखादी फुकट देतोस का.