रोबो आधी उलटा करून बघा

गेल्या रविवारी ठाण्यातल्या आमच्या रोबो क्लबमध्ये आठवीतल्या एका मुलाचा रोबो सारखा डावीकडे ओढत होता. पांढऱ्या फ्लेक्सवर काळ्या इन्सुलेशन टेपची वाट, त्या वाटेवरून चालायचं एवढंच त्याचं काम. पण सरळ पट्टीवरही तो हेलकावे खायचा आणि वळण आलं की टेप सोडून थेट भिंतीकडे. मुलगा आणि मी दोन तास लॅपटॉपला चिकटून बसलो होतो. हा आकडा वाढव, तो कमी कर, अपलोड कर, परत सोड. शेवटी कोपऱ्यातले काका उठले. त्यांची तीसेक वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर गेली, कोडिंगशी त्यांचा कधी संबंध आला नाही. त्यांनी रोबो उचलला, उलटा केला, चाकं हवेत फिरत ठेवली आणि कानाजवळ नेला. "डावं घासतंय कुठेतरी," म्हणाले. चाक मोटरच्या दांड्यावर जरा जास्तच आत बसलं होतं आणि चेसिसच्या कडेला लागत होतं. काकांनी ते बोटांनी दोन मिलिमीटर बाहेर ओढलं. रोबो वाटेला लागला.

मुलाने वहीत लिहून ठेवलं: कोडला हात लावायच्या आधी रोबो उलटा करून बघणे.

गेली पाच वर्षं मी जवळजवळ दर रविवारी हे असं काहीतरी बघतेय, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. रोबो बनवणं हा छंद आहे. पेटी वाजवण्यासारखा, गडावर जाण्यासारखा. आणि हा छंद शिकवणी लावून लागत नाही, संगतीने लागतो.

मी यात आले ती माझ्या मुलामुळे. तो सहावीत असताना त्याला एका क्लासला घातलं होतं. बारा तास, एक किट, शेवटच्या दिवशी सगळ्यांचे सारखे रोबो एका रांगेत, फोटो आणि सर्टिफिकेट. कोड तयारच होता, मुलांनी फक्त बटण दाबायचं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी रोबो बंद पडला. क्लासमध्ये विचारलं तर पुढच्या लेव्हलला प्रवेश घ्या म्हणाले. मुलगा फुटबॉलकडे वळला, त्याचं ते छान चाललंय. तो डबा मात्र माळ्यावर पडला. आत काय बिघडलंय ते कुणीच उघडून बघितलं नाही याचं मला फार वाईट वाटायचं. एक दिवस मीच तो खाली काढला.

दुखणं साधं होतं, पण मला ते माहीत नव्हतं. किटमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी होती, स्मोक डिटेक्टरमध्ये असते ती. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो. मोटर सुरू होताना एकदम करंट मागते, बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, आर्डुइनो (रोबोचा मेंदू असलेलं छोटं सर्किट) मध्येच रिसेट होतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. मोटर परत करंट मागते, तो परत रिसेट होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रोबो जागच्या जागी थरथरतोय. त्यात मोटरला करंट पुरवणारा एल२९८एन हा ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खाऊन टाकतो. हे मला क्लबमधल्या एका कॉलेजच्या मुलीने मल्टीमीटरचे काटे टोचून दाखवलं. मोटर चालू झाली आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर धाडकन खाली आला. त्या एका आकड्याने मला जे शिकवलं ते बारा तासांच्या क्लासने मुलाला शिकवलं नव्हतं. मग १८६५० चे दोन सेल एकापुढे एक जोडले (१८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी, म्हणून ते नाव), आणि रोबो चालला. हे लिथियमचे सेल चार्जिंगला लावून घराबाहेर मात्र जाऊ नका, ही विनंती.

आमच्याकडे एकच नियम आहे. येताना आपलं काहीतरी अर्धवट काम घेऊन यायचं. शिकवायला म्हणून कुणी येत नाही. मोठी माणसंसुद्धा आपला रोबो घेऊन बसतात, अडतात, शेजारच्याला विचारतात, आणि लहान मुलं ते बघत असतात. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकणं इथेच होतं. पन्नाशीचा माणूस उलटा सोल्डर केलेला डायोड शांतपणे काढून परत लावतो, हे बघितलेलं मूल स्वतःची चूक झाली म्हणून रडत नाही.

एक निवृत्त शिक्षिका येतात. त्या कासव बनवतायत. त्यामागची गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली. १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर नावाचे मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते. त्यांनी कासव म्हणून ओळखली जाणारी तीन चाकांची दोन यंत्रं बनवली, एल्मर आणि एल्सी. प्रत्येकात फक्त दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), प्रकाश ओळखणारा एक डोळा आणि धक्का लागला की कळण्याची सोय. कॉम्प्युटर नाही, प्रोग्रॅम नाही. तरी ती दिव्याकडे जायची, अडथळा आला की वळसा घालायची, बॅटरी उतरली की आपल्या खोपटाकडे परतायची. बाईंच्या कासवात प्रकाश ओळखणारे दोन एलडीआर आहेत आणि वर नारळाची करवंटी. मोबाइलचा टॉर्च दाखवला की ते मान वळवल्यासारखं वळतं. पहिल्यांदा वळलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी हातातलं काम ठेवलं होतं.

अशा कामात खोलीसुद्धा शिकवते. दिवाळीनंतर सूर्य खाली येतो आणि सकाळी आमच्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन फरशीवर लांबपर्यंत पसरतं. मागच्या डिसेंबरात एका मुलीचा रोबो संध्याकाळी घरी नीट चालायचा आणि सकाळी क्लबमध्ये उन्हाचा पट्टा आला की बावरायचा. तिला वाटलं सेन्सर गेला. तसं नव्हतं. रेषा ओळखणारा सेन्सर स्वतः इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि किती परत आला ते मोजतो. पांढऱ्यावरून जास्त येतो, काळ्यावरून कमी. उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असतो, त्यामुळे सेन्सरला काळी टेपसुद्धा पांढरी दिसू लागली. तिने अगरबत्तीचं पुडकं कापून सेन्सरभोवती झालर लावली. पुढच्या रविवारी कोडमध्येही एक सुधारणा केली: आधी सेन्सरचा दिवा बंद ठेवून मोजायचं, मग चालू करून मोजायचं आणि वजाबाकी करायची. उन्हाचा वाटा आपोआप निघून जातो. मुलगी नववीत आहे. ही वजाबाकी तिची तिला सुचली, आणि ते सांगताना मला आजही अभिमान वाटतो.

सामान कुठे मिळतं, हा नेहमीचा प्रश्न. आम्ही शनिवारी लोकलने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड आणि मग चालत लॅमिंग्टन रोड गाठतो. ऑनलाइनही सगळं मिळतं, पण तिथे काउंटरवर "पिवळी बीओ मोटर, दोनशे आरपीएम, जोडी जुळणारी द्या" म्हटल्यावर दुकानदार दोन मोटर चालवून दाखवतो. एकाच खोक्यातल्या दोन मोटर सारख्या वेगाने फिरत नाहीत, हे तिथेच कळतं. रेषेवरून चालणारा साधा रोबो हजार-दीड हजारात होतो.

आता जे मला खुपतं ते. नव्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, "सर्टिफिकेट मिळेल का?" आणि दुसरा, "पुढे ॲडमिशनला उपयोग होतो ना?" मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे मुलाच्या प्रत्येक तासाचा हिशेब द्यावा लागतो. पण पेटी शिकणाऱ्या मुलाला आपण रोज विचारत नाही की याचा पुढे उपयोग काय. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या, ते फार चांगलं झालं. त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहेत. मग लेथवाल्या काकांनी कुठे जायचं? बाईंनी कासव कुठे बनवायचं? माझ्यासारखीने माळ्यावरचा डबा कुठे न्यायचा? एका सोसायटीकडे आम्ही रिकामा हॉल मागितला होता. वाढदिवसांना तो मिळतो, आम्हाला नाही म्हणाले, फरशीला सोल्डरचे डाग पडतील म्हणून. आम्ही टेबलावर प्लायवूड टाकायला तयार होतो. शेवटी नौपाड्यातल्या एका जुन्या घराच्या मालकांनी तळमजल्याची खोली दिली, भाडं घेत नाहीत.

हेच ते गाव आहे जिथे १८९३ साली लोकांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. एकट्याला सगळी पुस्तकं परवडत नाहीत तर एका जागी ठेवू आणि सगळे वाचू, इतका सरळ विचार. मला वाटतं हत्यारांचंही तसंच व्हायला हवं. सोल्डरिंग स्टेशन, ऑसिलोस्कोप, थ्रीडी प्रिंटर, चांगला व्हाइस हे घरोघरी असायची गरज नाही. प्रत्येक प्रभागात एक खोली, एक लांब टेबल आणि रविवारची सकाळ, इतकं पुरतं. शेजारी वागळे इस्टेट आहे, हातात कसब असलेली माणसं निवृत्त होऊन घरी बसलेली आहेत. त्यांच्या कानात जे ज्ञान आहे ते कुठल्याच व्हिडिओत नाही.

सध्या आम्ही मायक्रोमाउसच्या मागे आहोत. भूलभुलैयातून स्वतः वाट शोधत मध्यापर्यंत जाणारा छोटा रोबो. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या मासिकाने ही स्पर्धा जाहीर केली, जपानमध्ये ती १९८० पासून चालू आहे. युक्ती सुंदर आहे. मधल्या घरात पाणी ओतलंय आणि ते पसरत जातंय असं समजायचं, प्रत्येक घराला मध्यापासूनच्या अंतराचा आकडा द्यायचा आणि रोबोने कायम लहान आकड्याकडे सरकायचं. नवी भिंत दिसली की आकडे परत मांडायचे. मूळ भूलभुलैया १६ बाय १६ घरांचा, प्रत्येक घर १८ सेंटीमीटर, म्हणजे एक बाजू जवळजवळ तीन मीटर. आमच्या खोलीत तो मावत नाही. आम्ही ८ बाय ८ चा करतोय.

त्याच्या भिंती या रविवारी जोडायच्या आहेत. १२ मिलिमीटर जाडीच्या, ५ सेंटीमीटर उंचीच्या पट्ट्या काका कापून आणणार आहेत. बाजूंना पांढरा रंग, माथ्याला लाल, खालची जमीन काळी. सकाळी दहाला सुरू करू, जुने कपडे घालून या. पांढरा आणि काळा रंग आलाय, लाल अजून कुणी आणलेला नाही.