ग्रंथपालाला पगार द्या, अनुदानातला वाटा नको

माहितीचा अधिकार कायदा 2005 चा. त्याच्या कलम 4 मध्ये सरकारी कार्यालयांनी कुणी अर्ज करण्याची वाट न बघता काय काय जाहीर करायचं, याची यादी दिली आहे. नागरिकांना माहिती मिळवण्याच्या सोयी कोणत्या, हे सांगताना तिथे वाचनालय आणि त्याच्या वेळा यांचा उल्लेख आहे. माहिती आणि वाचनालय यांचा हा संबंध कायदा लिहिणाऱ्यांना दिसत होता. आज मला लिहायचंय ते गावोगावची वाचनालयं रोज उघडणाऱ्या माणसांबद्दल.

आधी पैशांचं बोलू, कारण ते कुणी बोलत नाही. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातली बरीचशी ग्रंथालयं सगळ्यात खालच्या ड वर्गात. 2012 नंतर तब्बल दहा वर्षं ड वर्गाचं अनुदान वर्षाला 30,000 रुपयांवर थांबलं होतं. 2022 मध्ये सरकारनं 60 टक्के वाढ जाहीर केली, ते 48,000 झालं. यातली निम्मी रक्कम वेतनाची. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं, वीजबिल, भाडं, सगळं बसवायचं. म्हणजे वाढ झाल्यावर ग्रंथपालाच्या वाट्याला वर्षाचे 24,000, महिन्याचे 2,000 रुपये. 2024-25 मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. सात दिवस खोरं चालवणाऱ्याला महिनाभर वाचनालय चालवणाऱ्यापेक्षा जास्त मिळत होतं. (रोजगार हमीची मजुरी फार आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही.)

आणि हे पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत येतं, तेही लांबतं. तोवर किराणा दुकानात उधारी. अनेक ठिकाणी पेपरवाल्याचं बिल ग्रंथपाल स्वतःच्या खिशातून भागवतात आणि हप्ता आला की वळते करून घेतात.

या पगारात काय काम होतं, ते मी आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयात पाहिलेलं सांगतो. एक वयस्कर शेतकरी आले होते. रस्त्यासाठी जमिनी जाणार, पेपरात नोटीस आली आहे, असं त्यांना कुणीतरी पारावर सांगितलेलं. कुठला पेपर, कुठली तारीख, काही ठाऊक नाही. "ताई, मागच्या पंधरवड्यातले पेपर हाईत का?" एवढंच त्यांनी विचारलं. ग्रंथपाल ताईंनी आधी त्यांना बसवून पाणी दिलं. मग कपाटावरचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे खाली काढले आणि जाहीर नोटिसांचं पान तेवढं बघत एकेक अंक बाजूला ठेवत गेल्या. नोटीस सापडली. गट नंबरांची यादी इतक्या बारीक अक्षरात की ओळ चुकू नये म्हणून त्या फूटपट्टी धरून वाचत होत्या. आण्णांचा गट नंबर निघाला. ताईंनी नोटिशीचा फोटो काढून त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवला, अंकाची तारीख कागदावर लिहून दिली, हरकत कुठल्या कार्यालयात द्यायची तेही नोटिशीतूनच वाचून दाखवलं.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, आणि अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत हरकत घ्यायची असते. कायद्याच्या दृष्टीनं छापलं म्हणजे सांगितलं. पण दोन-दोन पेपर विकत घेणारी घरं खेड्यात किती? तो पेपर मिळतो वाचनालयात, आणि मागचा अंक मिळतो तो कुणीतरी तारीखवार लावून ठेवलेला असेल तरच. त्या आण्णांना 21 दिवसांच्या आत हरकत देता आली, ती त्या गठ्ठ्यामुळे. जिथं पेपर लावून ठेवायला माणूसच नाही, तिथं ते महिन्याभरात रद्दीत जातात.

आता यावर सरकारी बाजूचं उत्तर ठरलेलं आहे: हे आमचे कर्मचारी नाहीत, संस्थेचे आहेत, आम्ही संस्थेला अनुदान देतो. मला हे पटत नाही. खाजगी अनुदानित शाळेतला शिक्षकसुद्धा संस्थेचाच असतो. त्याची नेमणूक संस्था करते, पण पगार सरकार देतं, वेतनश्रेणीनं देतं, आणि तो थेट त्याच्या खात्यावर जमा होतो. शाळेला जो न्याय, तो वाचनालयाला का नाही? दोन्ही लोकशिक्षणाचीच कामं, दोन्ही संस्था सरकारमान्य, दोन्हींची तपासणी सरकारच करतं. ग्रंथालय प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची परीक्षाही ग्रंथालय संचालनालयाची. प्रशिक्षण तुमचं, तपासणी तुमची, नियम तुमचे, मग माणूस तेवढा परका कसा? ग्रंथालयांचे आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांचे प्रश्न पाहायला सरकारनंच नेमलेली प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली. कर्मचारी संघटना वर्षानुवर्षं वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती मागत आहेत. राज्यातल्या अकरा-बारा हजार ग्रंथालयांतली वीस हजारांच्या आसपास माणसं यावर अवलंबून आहेत.

काही मंडळी लगेच म्हणतील, अहो, निम्मी वाचनालयं तर कागदावरच आहेत. काही होती, हे खरं. 2012 मध्ये महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली तेव्हा कुलूपबंद वाचनालयंही सापडली. अशी वाचनालयं जरूर बंद करा. पण त्यांची शिक्षा रोज संध्याकाळी दार उघडणाऱ्या माणसाला का? उलट पगार थेट कर्मचाऱ्याच्या खात्यावर गेला तर गैरप्रकाराची वाटच बुजेल. पावतीवर एक आकडा आणि हातात दुसरा, अशी कुजबुज ग्रंथपालांच्या बैठकीत कायम ऐकू येते. संस्थाचालकांनी या मागणीला घाबरू नये, त्यांच्या डोक्यावरचा संशयही त्यातून जाईल.

"आता सगळं मोबाइलवर मिळतं" हेही ऐकून झालंय. मोबाइलवर भरपूर मिळतं, मान्य. पण शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख खरी कुठली आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी कुठली, हे बारावीतल्या पोरीला पैसे न घेता सांगणारं माणूस गावात कोण आहे? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं अभ्यासिकेत का बसतात? घरात एक खोली, त्यात टीव्ही, त्यात आजारी आजी. शहरातल्या खाजगी अभ्यासिकेचं महिन्याचं भाडं त्यांच्या बापाला झेपत नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला, त्यामुळे हे जरा जास्तच लागतं. करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. देशात सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा केला तो कोल्हापूर संस्थानानं, 1945 मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून झालेला मद्रासचा कायदा 1948 चा, महाराष्ट्र राज्याचा 1967 चा. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद होती, आज तमिळनाडूत आणि शेजारच्या कर्नाटकातही घरपट्टीबरोबर हा उपकर घेतला जातो. आपल्या कायद्यात तो ठेवलाच नाही. त्यामुळे आपली ग्रंथालयं दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडाकडे बघत बसतात आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तिथंच लागते. घरपट्टीत वर्षाला थोडे रुपये वाढले तर मी आनंदानं भरीन. फक्त ते दुसरीकडे वळवले जाणार नाहीत, अशी कायद्यातच सोय हवी.

दरवर्षी 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन होतो. सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिलं जातं. सत्कार करणाऱ्यांच्या मनात आदर असतोच. त्याच कार्यक्रमात आमदारांना एक निवेदनही द्या. मागण्या तीनच ठेवा: वेतन अनुदानापासून वेगळं काढा आणि किमान वेतनाच्या खाली नको, ते दरमहा थेट खात्यावर द्या, भविष्य निर्वाह निधी लागू करा. पुस्तकांसाठीचं अनुदान मग पुस्तकांनाच राहील.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हा, वर्गणी थकवू नका. ग्रामसभेत वाचनालयाचं वीजबिल ग्रामपंचायतीनं भरावं असा ठराव मांडा. परदेशात किंवा पुण्या-मुंबईत असलेल्या गावकऱ्यांनो, पुस्तकांची खोकी पाठवण्याआधी ग्रंथपालाला फोन करून विचारा, की दोन पेपरांची वर्षाची वर्गणी भरून हवी आहे का. बहुतेक ठिकाणी उत्तर हो येईल.

आमदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी मराठीत टाइप करून ठेवला आहे, एका पानाचा. ज्यांना हवा असेल त्यांनी मेसेज करा. गावाचं आणि वाचनालयाचं नाव तेवढं बदलायचं आणि पुढच्या अधिवेशनाआधी द्यायचं. निवेदन द्यायला जाताना ग्रंथपालाला सोबत न्या आणि आधी त्यालाच बोलू द्या.