अणुबॉम्बचं गुपित कसं राखाल? (अनुभवसिद्ध उपाय)

अणुबॉम्ब बनवायचा विचार असेल तर युरेनियमची चिंता नंतर करा, मिळेल हो कुठूनतरी, आधी गुपिताचं बघा. आणि कित्ता गिरवायचाच असेल तर १९४३ च्या अमेरिकेचा गिरवा.

न्यू मेक्सिकोत डोंगरावर लॉस अलामोस नावाची वस्ती करायची आणि तिथल्या सगळ्यांना मिळून एकच पत्ता द्यायचा, पोस्ट बॉक्स १६६३, सांता फे. बाळ जन्मलं तरी दाखल्यावर जन्मस्थान हाच बॉक्स, म्हणजे पोरगं पार्सलने आलं असं वाटलं पाहिजे. शास्त्रज्ञ नील्स बोर आले की त्यांना निकोलस बेकर म्हणा आणि एन्रिको फर्मींना हेन्री फार्मर, ते तोंड उघडेपर्यंत कोणाला कळणार नाही की हा फार्मर इटलीचा आहे.

मुख्य पथ्य म्हणजे आपल्याच माणसांना काही सांगू नका. ट्रुमन सिनेटर असताना युद्धखर्चाची चौकशी करत करत या खर्चापाशी पोचले तर त्यांना गप्प बसवलं, मग ते उपराष्ट्राध्यक्ष झाले तरी नाहीच, शेवटी रूझवेल्ट वारले १२ एप्रिल १९४५ ला आणि नव्या राष्ट्राध्यक्षांना नीट सगळं सांगितलं २५ तारखेला! मधल्या काळात जुजबी कल्पना होती, चालतंय की तेवढं. तिकडे प्रयोगशाळेचे डायरेक्टर ओपेनहायमर, त्यांच्या मागे माणसं लावा, फोन ऐका, पत्रं फोडा. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

कारण तेवढ्यात तिथलाच एक शास्त्रज्ञ, क्लाउस फुक्स नावाचा चष्मेवाला, अबोल, लग्न न झालेला गृहस्थ शेजाऱ्यांची मुलं सांभाळत असतो, सहकारी शास्त्रज्ञ फाइनमनला आजारी बायकोला भेटायला आपली गाडी देतो, आणि जून १९४५ मध्ये त्याच गाडीतून सांता फेच्या पुलापाशी जाऊन प्लुटोनियम बॉम्बची माहिती रशियाच्या हेरांचा निरोप्या हॅरी गोल्ड याच्या हातात ठेवतो. इतक्या सज्जन माणसावर संशय घेतला तर पाप लागेल. रशियाला माहिती पुरवणारा तिथलाच दुसरा शास्त्रज्ञ टेड हॉल तर १९ वर्षांचं पोर, त्याच्यावर कशाला घ्यायचा? (नाहीच घेतला वेळेवर, खटला तर जन्मात झाला नाही.)

आणि हो, मासिकांत अणुविखंडनावरचे लेख एकदम बंद करून टाका. फ्लिओरोव्ह नावाच्या तरुण रशियन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये लायब्ररीत मासिकं चाळली, लेखच दिसेनात, त्यावरून ओळखलं की काहीतरी शिजतंय आणि थेट स्टालिनला पत्र टाकलं. एवढी शांतता राखली होती बिचाऱ्यांनी!

२४ जुलै १९४५, जर्मनीतल्या पॉट्सडॅमला दोस्त राष्ट्रांची बैठक. ट्रुमन सहज गेल्यासारखे स्टालिनपाशी गेले, म्हणाले आमच्याकडे एक जबरदस्त नवीन शस्त्र आलंय. स्टालिनच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, इकडच्यांना वाटलं याला काही समजलंच नाही. ज्याच्या घरात महिनोन्‌महिने टपाल पोचतंय त्याने आश्चर्य तरी किती दाखवायचं?

पुढे १९४७ मध्ये कुठले अणुकागद खुले करायचे हे ठरवायला वॉशिंग्टनला बैठक भरली, त्यात ब्रिटनकडून फुक्स साहेब हजर. बऱ्याच कागदांवर त्यांचं मत म्हणे एकच, हे अजून गुप्तच राहू द्या.